अवघड शब्द सांडणारा कवी

मागे एका पावसाळ्यात करमाड येथे एका घरी सायंप्रार्थनेस आम्ही गेलो होतो. पाऊस लांबला होता, म्हणून एक विनवणी आम्हीच रचून नेली. 'पर्जन्याभावी संत्रस्त कृषीवलांवर कृपावृष्टी व्हावी' अशी तिची भाषा! सर्वांनी मनोभावे प्रतिसाद दिला. निघताना घरातल्या आजीबाईंनी विचारले, "बापू, पावसाचं काही मागितलं का न्हाई?"

ओशाळून घरी आलो आणि फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' पुन्हा उघडले. १५७९ साली गोव्यास आलेल्या या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूंचा सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. त्यातील ओव्यांची गोडी वाचकांस ठाऊक आहेच. आम्हांस या वेळी खिळवून ठेवले ते गद्य प्रस्तावनेने. शुद्ध मराठी सामान्य जनांस कळत नाही हे पाहून आपण जुन्या कवींचे बहुतेक अवघड शब्द टाकले आणि ठिकठिकाणी ब्राह्मणी भाषेतले, म्हणजे आपण आज जिला कोकणी म्हणतो तिच्यातले, सोपे शब्द मिसळले, असे ते तेथे सांगतात. मराठीला रत्नाची उपमा देणारा कवी हा त्याग करतो, तो साष्टीतल्या नवख्रिस्ती कुटुंबांसाठी!

सोपेपण सर्वत्र साधले आहे असे नाही. बाप्तिस्म्यासारखे परके शब्द तसेच राहिले, आणि चारशे वर्षांनंतर आपणांस तर हा ग्रंथ अडखळतच वाचावा लागतो. पण सोपी करताना ओवी गबाळी झालेली नाही. साध्या बोलाने उपासनेचे गांभीर्य उणावते, या नेहमीच्या आक्षेपास याहून चांगले उत्तर आम्हांस माहीत नाही. आमच्याच जिल्ह्यातील पैठणच्या एकनाथांनीही (निधन १५९९) भारुडांत लोकांचीच बोली योजली होती.

मिस्सा मात्र तेव्हा लॅटिनमध्येच होत असे. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेस वाट करून दिली. इतक्या उशिरा हाती आलेल्या मराठीचे आपण पुन्हा लॅटिन करीत आहोत काय? न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द बरे, असे संत पौलाने करिंथकरांस कळविले होते. आमच्या विनवणीत तेवढेही नव्हते.

पुढच्या खेपेस आम्ही 'देवा, पाऊस दे. पिके करपली' एवढेच लिहून नेले. एका स्नेह्यांस ते फारच उघडेबोडके वाटले. आजीबाईंनी काही विचारले नाही.