खोटा सूर्य, खरा बर्फ

कलेच्या विद्यार्थ्यांसमोर मी बरीच वर्षे मांडणशिल्पावर व्याख्याने देत आलो आहे. ओलाफुर एलियासन यांच्या ‘द वेदर प्रोजेक्ट’चे एक छायाचित्र त्यात दरवर्षी असायचे. धुक्याने भरलेले प्रचंड दालन, टोकाला पिवळाजर्द सूर्य आणि जमिनीवर उताणी पडलेली माणसे. त्यावर माझे वाक्यही ठरलेले असे : ही कला डोळे दिपवते, विचार करायला लावत नाही. एका वर्षी मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, त्या सूर्याच्या मागे काय आहे?” मला उत्तर देता आले नाही. ते शोधू लागलो तेव्हा आपण एका कलाकृतीबद्दल वर्षानुवर्षे चुकीचे बोलत होतो, हे लक्षात आले. हा लेख त्या चुकीची दुरुस्ती आहे.

एलियासन यांचा जन्म 1967 मध्ये कोपनहेगनला झाला. आईवडील आइसलँडचे. 1995 पासून त्यांची कार्यशाळा बर्लिनमध्ये आहे. प्रकाश, पाणी, धुके आणि बर्फ ही त्यांची नेहमीची द्रव्ये. त्यांची एक सुरुवातीची कृती इथे उपयोगी पडते : 1993 मधली ‘ब्यूटी’. एक अंधारी खोली, वर भोके पाडलेली नळी, तिच्यातून खाली झरणारा तुषारांचा पडदा आणि एक दिवा. एवढेच साहित्य. प्रकाशकिरणांशी आपली नजर सुमारे 42 अंशांचा कोन करील अशा जागी उभे राहिले, की तुषारांत इंद्रधनुष्य उमटते. पाऊल बाजूला पडले की ते हलते किंवा नाहीसे होते. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांना दिसणारी इंद्रधनुष्ये काटेकोरपणे पाहता दोन असतात. नळी आणि दिवा मात्र दोघांनाही दिसत असतात. चमत्कार आणि त्याची कृती एकाच खोलीत ठेवण्याची ही रीत पुढे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

‘द वेदर प्रोजेक्ट’ ऑक्टोबर 2003 ते मार्च 2004 या काळात लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये मांडले होते. ही इमारत मुळात वीजनिर्मिती केंद्राची. दालन सुमारे दीडशे मीटर लांब आणि 35 मीटर उंच. एलियासन यांनी छताला आरसे लावले आणि दूरच्या भिंतीवर सूर्याचा फक्त अर्धा गोल उभारला. उरलेला अर्धा आरशाने पुरवला. अर्धगोलामागे सुमारे दोनशे दिवे होते. त्यांचा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असल्याने माणसांच्या कपड्यांचे, कातडीचे रंग हरपत आणि उरे केवळ पिवळे आणि काळे. यंत्रांतून सोडलेले धुके दालनात तरंगत असे. वीस लाखांहून अधिक लोक ही कृती पाहून गेले. ते आडवे होऊन छतातल्या आपल्या प्रतिबिंबाला हात हलवत. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष लंडनला आले असता काहींनी जमिनीवर झोपून शरीरांनी निषेधाची अक्षरेही जुळवली होती.

आता त्या विद्यार्थिनीचे उत्तर. सूर्याच्या मागे दिवे, तारा आणि सांगाडा होता, आणि प्रेक्षकाला तिथे जाता येत होते. संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावरून छतातल्या आरशांची मांडणीही दिसे. म्हणजे एलियासन यांनी फसवणूक उघडी ठेवली होती. सूर्य खोटा आहे हे कळल्यावरही माणसे परत त्याच्यासमोर येऊन पडत. यंत्रणा दिसली की रसभंग होतो, हा आक्षेप मला आता टिकणारा वाटत नाही. कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्या आपल्याला दिसतच असतात. म्हणून रावण पडल्याचा आनंद कमी होत नाही. माझी चूक छायाचित्रावर विसंबण्याची होती. छायाचित्रात एकच बाजू येते आणि या कृतीचा अर्थ दुसऱ्या बाजूला चालत जाण्यात होता.

याच कसोटीवर त्यांची अधिक गाजलेली ‘आइस वॉच’ ही कृती मला कमी पडताना दिसते. भूगर्भशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग यांच्या सोबतीने केलेली ही कृती 2014 मध्ये कोपनहेगनला, 2015 च्या हवामान परिषदेच्या वेळी पॅरिसला आणि 2018 मध्ये लंडनला मांडली गेली. ग्रीनलंडच्या हिमस्तरापासून आधीच तुटून समुद्रात आलेले हिमखंड शहराच्या चौकात आणून वितळू दिले. पॅरिसमध्ये बारा खंड घड्याळाच्या आकड्यांसारखे वर्तुळात ठेवले होते. लोकांनी त्यांना मिठ्या मारल्या, कान लावून आत अडकलेली प्राचीन हवा फुटताना ऐकली. इथे काहीच खोटे नाही, बर्फ अस्सल आहे. अडचण तिथेच आहे. हा बर्फ शीतपेट्यांत घालून, जहाजाने आणि ट्रकने आणावा लागला. ते इंधन, ती यंत्रे, ते हात चौकात कुठेच नाहीत. या वाहतुकीच्या कार्बनचा हिशेब प्रकल्पाने करून घेतला आणि प्रसिद्ध केला, हा प्रामाणिकपणा मान्यच करायला हवा. पण तो हिशेब कागदावर राहिला. बर्फावर तळवा टेकवून उभ्या असलेल्या माणसाला तो त्या जागी भेटत नाही. त्याला वाटते, निसर्ग आपणहून दारात आला आहे. शिवाय घड्याळाची ती रचना काय वाटून घ्यायचे तेही आधीच सांगून टाकते.

‘आइस वॉच’च्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तिचा शेवट कलावंताच्या हाती नव्हता, तो त्या त्या दिवसाच्या उन्हापावसाने ठरवला. लंडनच्या सूर्याला ही असुरक्षितता कधीच नव्हती; तो बटणावर चालत होता. तरीही हवामानाचे संकट हाच जर विषय असेल, तर माणसाने चालवलेले यंत्र दाखवणारी कृती मला त्या विषयाच्या अधिक जवळची वाटते, कारण हे संकट यंत्रांतूनच आले आहे. जुन्या वीजकेंद्रात विजेवर पेटवलेला सूर्य हे बोलून न दाखवता सांगत होता.

आता वर्गात मी दोन छायाचित्रे दाखवतो. दुसरे मागच्या बाजूचे : दिव्यांच्या रांगा, लोंबणाऱ्या तारा. ठरलेले वाक्य बोलणे सोडले आहे. निसर्गावरची कोणतीही नवी मांडणी समोर आली, की तिची यंत्रणा कुठे आहे आणि तिथवर प्रेक्षकाला जाता येते का, हे आधी मुलांना शोधायला सांगतो.