औषधांची पेटंटे : हळदीचा दाखला आणि त्यापुढील कसोटी

औषधांच्या पेटंटविषयीच्या मराठी विवेचनात हळदीचा दाखला अपरिहार्य झाला आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास १९९५ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले व १९९७ मध्ये ते रद्द झाले. हे यश मोलाचे खरेच. परंतु तो वाद प्राधान्याने नावीन्याचा होता. तोच उपयोग पूर्वीच्या लिखाणात आढळला आणि प्रश्न मिटला. औषधनिर्मितीतील आजचे दावे इतके भाबडे नसतात, म्हणून हळदीपाशी थांबणारे विवेचन अपुरे ठरते.

मुंबई पेटंट कार्यालयाचा २३ मार्च २०२३ चा निर्णय या दृष्टीने अधिक अभ्यसनीय आहे. बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाच्या मूळ रेणूचे पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. त्याच्या फ्युमरेट क्षारावर जॉन्सन अँड जॉन्सनने मागितलेले पेटंट मंजूर झाले असते, तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी २०१९ मध्ये मंजुरीपूर्व हरकत घेतली. क्षयाच्या जुन्या औषधांनी दोघींची श्रवणशक्ती हिरावली होती.

नेमका तोच क्षार पूर्वी कोणी वर्णिलेला नसेल, तर नावीन्याच्या कसोटीवर असा दावा तगूही शकतो. खरा प्रश्न शोधात्मक टप्प्याचा असतो : त्या विद्येत निष्णात असलेल्या व्यक्तीस ही गोष्ट सहज सुचली असती काय? ज्ञात रेणूचा क्षार करून पाहणे हा औषधनिर्माणशास्त्राचा नित्याचा परिपाठ आहे. कार्यालयाने शोधात्मक टप्प्याचा अभाव आणि कलम ३(ड) या आधारांवर अर्ज फेटाळला. हे दोन आधार एकच नव्हेत, हे अनेकदा विसरले जाते. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकता वाढते का, हे कलम ३(ड) विचारते. ती उपचारात्मकच असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस प्रकरणात ठरविले.

कायद्याची व्याख्या मात्र निर्दोष नाही. कलम २(१)(जेए) तांत्रिक प्रगतीस ‘किंवा’ आर्थिक महत्त्व असा पर्याय देते. प्रत्येक खपाऊ औषधास आर्थिक महत्त्व असतेच. सहज न सुचण्याची पुढील अट नसती, तर ही व्याख्या पोकळ ठरली असती.

शिवाय ही कसोटी बव्हंशी हरकतदारांमुळेच धारदार राहते. मार्च २०२४ च्या सुधारित नियमांनी मंजुरीपूर्व हरकतीस शुल्क लावले असून ती विचारार्ह आहे की नाही, हे आता नियंत्रक प्रथम ठरवितो. ज्या वाटेने या दोन रुग्ण कार्यालयापर्यंत पोहोचल्या, ती त्यामुळे अरुंद झाली आहे.