दिसते ती धार नव्हे

आमच्या कोकणातल्या घराच्या मागच्या दारी, विहिरीच्या काठाशी एक काळा दगड आहे. मधोमध खोलगट, उलट्या पाठीसारखा. तो कुणी घडवलेला नाही. तीन पिढ्यांनी त्याच्यावर कोयत्या घासल्या, त्यातून तो तसा झाला. दगडाने कोयती झिजवली आणि कोयतीने दगड. आता दोघंही अर्धे उरले आहेत, पण कामातून गेलेलं कुणीच नाही.

शहरातल्या माणसाला कोयता ठाऊक असतो तो वर्तमानपत्रातून, ‘कोयता गँग’च्या बातम्यांतून. कोयत्याचं खरं घर मात्र कमरेच्या आकडीत आहे. पाठीमागे आकडी, आकडीत अडकवलेली कोयती आणि पुढे चालणारा गडी: हे चित्र कोकणात अजून पुसलेलं नाही. शहाळं सोलायचं, कुंपणाच्या मेखा तासायच्या, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, ऐन-किंजळीच्या डहाळ्यांची कवळं तोडायची, वाटेतली वेल दूर सारायची, सगळ्याला एकच हत्यार. इतकी कामं करणाऱ्या वस्तूची धार एकाच जातीची कशी असेल? कोयती नीट वाचायची तर सुरुवात इथून करावी.

आधी तिचा आकार पाहा. पाठ जाड, धारेकडे पातं निमुळतं. पुढचं टोक आत वळलेलं, पोपटाच्या चोचीसारखं. वजनाचा भर मुठीकडे नाही, पुढे आहे. त्यामुळे घाव घालताना हाताने जोर लावावा लागत नाही. हात नुसता दिशा देतो, पडण्याचं काम पातं करतं. चोच फांदीला धरून ठेवते, घाव निसटू देत नाही, आणि तोडलेली फांदी ओढून आणायलाही तीच उपयोगी पडते.

आता याच पात्याचे धारेच्या अंगाने तीन भाग करा. मुठीलगतची तीन-चार बोटं तासायला, सोलायला. तिथे हाताचा ताबा सगळ्यात जास्त, म्हणून तिथली धार पातळ चालते. मधला भाग घावाचा. तिथे धार पातळ केली तर पहिल्याच सुक्या गाठीवर दाते पडतात. चोचीतला भाग ओढून कापायचा, विळ्याच्या स्वभावाचा. एकाच पात्यात चाकू, कुऱ्हाड आणि विळा शेजार करून राहतात, आणि धार लावणाऱ्याला तिघांची मर्जी राखावी लागते.

उसाच्या फडातला कोयता वेगळा. त्याला अशी खोल चोच नसते, पातं रुंद आणि सपाट. ऊस जमिनीलगत तोडायचा असतो, कारण बुडख्याकडे साखर अधिक. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घावाला धारेची मातीशी गाठ. तिथे जपून ठेवलेल्या नाजूक धारेचा उपयोग नाही. जी घटकाभरात कानशीने पुन्हा उठवता येईल, तीच खरी. ऊसतोडीच्या मुलखात तर नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. हत्यारावरून माणसं मोजायची ही रीत ऐकली की धारेचं कौतुक करणारी जीभ जरा अडखळते. कुणाची हौस आणि कुणाची मजुरी एकाच पात्यावर उभी आहे, हे विसरून कोयत्याचं रसग्रहण करू नये.

आता दगडाकडे वळू. बाजारात मिळणारा दोन अंगांचा दगड, एक बाजू खरबरीत, दुसरी बारीक, साधारण आठ इंच लांब. दुकानदार त्याला ‘कार्बोरंडम’ म्हणतो. या नावात एक मोठा प्रवास लपला आहे. अत्यंत कठीण असं जे खनिज, त्याला आपण कुरुंद म्हणतो. काठिण्याच्या मोजपट्टीवर हिरा १०, तर कुरुंद ९. तमिळ ‘कुरुंदम्’ युरोपात जाऊन ‘कोरंडम’ झाला. पुढे १८९१ मध्ये एडवर्ड अ‍ॅचिसन या अमेरिकन संशोधकाला विजेच्या भट्टीत एक नवा कठीण पदार्थ मिळाला. त्यात कार्बन आणि कोरंडम असावेत असं वाटून त्याने नाव ठेवलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात तो निघाला सिलिकॉन आणि कार्बन यांचा संयोग. कुरुंदाचा त्यात कणही नव्हता. नाव मात्र राहिलं, आणि आपलाच शब्द परदेशी अंगरखा घालून आपल्याच हार्डवेअरच्या दुकानात परत आला.

हा सपाट दगड कोयतीच्या आतल्या वळणात शिरत नाही. तिथे अर्धगोल कानस लागते, किंवा होडीसारखा दोन्हीकडे निमुळता दगड. दुसरी गोष्ट, स्वयंपाकघरातल्या सुरीची सवय इथे सोडायची. सुरी दगडावर फिरते. हातात मावणाऱ्या या दगडाशी मात्र कोयती स्थिर ठेवायची आणि दगड फिरवायचा. जाड ओंडक्यावर पातं टेकवावं, मूठ पायाखाली पक्की धरावी, धार आपल्यापासून लांब. बोटं दगडाच्या पाठीवर, काठाखाली कधीच नाहीत.

कोन किती ठेवावा? कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की ४५ अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. त्याहून दगड किंचित उभा धरला की घावाच्या धारेचा कोन झाला. पण मोजपट्टीसारखा ताठ हात चालवायचा नाही. प्रत्येक फेरीत मनगट जरासं लवू द्यावं, म्हणजे धारेमागे मसुराच्या दाण्यासारखी हलकी फुगोटी तयार होते. ही फुगोटी लाकडाला फाकवते, पातं अडकू देत नाही आणि धारेला पाठीमागून आधार देते. सरळ पाचरीसारखी धार कागद छान कापते. ऐनाच्या फांदीत मात्र रुतून बसते.

मुख्य रस पुढे आहे. एका बाजूने घासत गेलं की काही वेळाने दुसऱ्या बाजूला, पात्यावरून धारेच्या बाहेर बोट सरकवताना, बारीक खरखर लागते. पोलादाचा अगदी पातळ पापुद्रा पलीकडे वळलेला असतो. पात्याच्या सगळ्या लांबीभर ही खरखर लागली की समजावं, दगड काठापर्यंत पोचला. मग बाजू बदलायची, तोच पापुद्रा अलीकडे आणायचा, मग पुन्हा पलीकडे, दर वेळी हात हलका करत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने दहा-वीस हात मारले की तो पापुद्रा गळून पडतो. आवाजही बदलतो. सुरुवातीचा खर्र-खर्र खाली उतरतो आणि अखेरीस रेशमी सळसळ ऐकू येते. अनुभवी माणूस डोळे मिटून सांगतो, झाली की नाही.

घाई इथे भोवते. मागे एकदा मी आमची कोयती एका ग्राइंडरवाल्याकडे दिली. ठिणग्यांची आतषबाजी झाली आणि पाच मिनिटांत धार तयार. चोचीजवळ मोरपिसाची निळाई उमटली होती, ती मला सुंदर वाटली. पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की हा रंग चढतो, आणि लोहाराने पाजलेलं पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, तिथे उतरू लागतं. पुढे त्या जागची धार दर खेपेला आधी दबायची. तो निळा पट्टा दगडावर झिजवून काढायला दोन हंगाम गेले. चाक वापरायचंच असेल तर पातं बोटांना सोसेल इतकंच तापू द्यावं आणि दर फेरीला पाण्यात बुडवावं. लोहाराकडे न्यायची वेळ येते ती पातं फारच झिजल्यावर, शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून, आणण्यासाठी.

मराठीत धार ‘लावतात’. शब्दावरून वाटतं, काहीतरी चिकटवायचं आहे. प्रत्यक्षात सारं काम काढून टाकण्याचं. पण ‘धार’ हा शब्द आपण पाण्यालाही देतो, दुधालाही, डोंगराच्या अरुंद माथ्यालाही. तिन्ही ठिकाणी रुंदी जवळजवळ संपलेली असते आणि सलगता तुटलेली नसते. कोयतीच्या काठावर नेमकं हेच साधायचं असतं. दोन उतार एकमेकांना भेटावेत आणि भेटीच्या जागी तिसरं काही उरू नये.

म्हणूनच धार जोखायला अंगठ्याची गरज नाही. तेलाचा बोळा फिरवण्याआधी कोयती उन्हात धरा आणि धारेकडे समोरून पाहा. कुठे पांढरी रेघ, एखादा ठिपका चमकला तर तिथे उजेडाला टेकायला जागा मिळाली आहे, म्हणजे तिथे सपाटी आहे, बोथटपणा आहे. खरी धार उजेड परतवत नाही. चमक दिसली, तर दगड पुन्हा हातात घ्या.