खनिजांतील लेश धातू व तांब्याचे पूर्वेक्षण

खडक घडविणाऱ्या खनिजांत अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या धातूंना लेश धातू म्हणतात. त्यांच्या प्रमाणावरून जवळपासच्या तांब्याच्या निक्षेपांचा शोध घेता येईल, ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष पुढे आली. सर्वाधिक लक्ष कृष्णाभ्रकाकडे (बायोटाइटाकडे) गेले. द्विसंयुजी तांब्याच्या आयनाची त्रिज्या मॅग्नेशियम व फेरस लोह यांच्या आयनांच्या त्रिज्यांच्या जवळपास असल्याने त्यांच्या जागी तो स्फटिकजालकात सामावू शकतो. म्हणून कृष्णाभ्रकातील तांबे मूळ शिलारसातील तांब्याचे निदर्शक होय, असे गृहीत धरण्यात आले. डब्ल्यू. टी. पॅरी व एम. पी. नॅकाउस्की यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील बेसिन अँड रेंज प्रदेशातील क्वार्ट्झ मॉन्झोनाइटांच्या कृष्णाभ्रकांतील तांबे, शिसे व जस्त यांचा अभ्यास केला. टी. जी. लव्हरिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दक्षिण ॲरिझोनातील खडकांबाबत हाच विचार मांडला.

या पद्धतीचे मर्मस्थान तिच्या गृहीतकातच आहे. तांब्याला गंधकाची ओढ सिलिकेटांपेक्षा अधिक असते. शिलारसातून सल्फाइड किंवा तप्त द्राव आधीच वेगळा झाला, तर तांबे त्यात जाते व नंतर स्फटिकीभवन होणारे कृष्णाभ्रक तांब्याने दरिद्री राहते. म्हणजे अल्प तांबे हे निक्षेपाच्या अभावाचे लक्षण असू शकते, तसेच निक्षेप घडल्याचेही. एकच पुरावा दोन विरुद्ध निष्कर्षांना आधार देत असेल, तर केवळ त्यावर विसंबून खर्चिक वेधनाची जागा ठरविणे सयुक्तिक नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ई. एस. इल्टन व डी. आर. व्हेब्लेन यांना १९८८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पॉर्फिरी ताम्रनिक्षेपांतील पत्रित सिलिकेटांच्या थरांमध्ये मूलरूप तांब्याचे सूक्ष्म कण आढळले. पुढे १९९३ मध्ये त्यांनी या समृद्धीचा संबंध वातावरणक्रियेशी जोडला. त्यामुळे संपूर्ण कृष्णाभ्रकाचे विश्लेषण करून मिळणारा आकडा जालकातील तांब्याचाच असतो, असे म्हणता येत नाही. अशा ठिकाणी उच्च प्रमाण जवळच्या सल्फाइडांच्या विघटनाची खूण ठरू शकते. मात्र ते शिलारसाचे माप नव्हे. पृष्ठभागावरील झिजलेल्या आणि खोलीवरील ताज्या खडकांच्या आकड्यांची सरसकट तुलना करणे त्यामुळे गैर ठरते.

लेसरने खनिजाचा सूक्ष्म अंश काढून द्रव्यमान वर्णपटमापकाने त्याचे विश्लेषण करण्याच्या तंत्राने ही उणीव बरीच भरून निघाली आहे. जे. जे. विल्किन्सन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये इंडोनेशियातील बातू हिजाऊ निक्षेपाभोवतीच्या क्लोराइटात टिटॅनियम व स्ट्राँशियम यांचे गुणोत्तर केंद्रापासून दूर जाताना घटत जाते, असे दाखविले. हा संकेत सु. ४.५ किमी. पर्यंत मिळतो. येथे शोध तांब्याचा असूनही मोजमाप इतर मूलद्रव्यांचे होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. तांब्याच्या एकाकी आकड्यापेक्षा द्रावाने खनिजात केलेल्या बदलांचा अवकाशातील क्रम अधिक विश्वसनीय ठरतो. तथापि एका क्षेत्रातील गुणोत्तर दुसऱ्या क्षेत्रात जसेच्या तसे लागू पडेल, असे मानता येत नाही. स्थानिक खडकांवरून त्याची पडताळणी करणे आवश्यक असते. या मर्यादा ओळखून वापरल्यास लेश धातू हे भूवैज्ञानिक नकाशाला पूरक साधन होय, त्याचा पर्याय नव्हे.