व्युत्पत्ती आणि वापर : 'सुमिमासेन'

जपानी भाषा शिकू लागणाऱ्यास अगदी आरंभीच भेटणारा शब्द म्हणजे 'सुमिमासेन'. क्षमा मागताना तो येतो, आभार मानताना येतो आणि अनोळखी माणसास हाक मारतानाही येतो. अपराध, कृतज्ञता आणि हाक यांना एकच शब्द कसा पुरतो?

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी 'द क्रिसॅन्थेमम अँड द सोर्ड' (१९४६) या ग्रंथात याचे उत्तर धातूत शोधले. 'सुमु' म्हणजे संपणे, मिटणे. 'सुमिमासेन' हे त्याचे आदरार्थी नकाररूप. वाऱ्याने उडालेली टोपी परक्याने धावून आणून दिली, की जपानी माणूस हा शब्द उच्चारतो. 'हे ऋण फिटत नाही' अशी ती कबुलीच होय, असे त्यांचे विवेचन. जपानला कधीही न जाता त्यांनी एवढे जाणले, याचे कौतुक आम्हांस आहेच. तथापि हा अर्थ अपुरा वाटतो. उपाहारगृहात वाढप्यास हाक मारणाऱ्याच्या माथी कोणते ऋण असते? त्याने तर अद्याप पाणीही मागितलेले नसते!

जपानी मनोविकारतज्ज्ञ ताकेओ दोई यांनी 'आमाए नो कोझो' (१९७१) या ग्रंथात याच शब्दाचा पुन्हा विचार केला. उपकारकर्त्यास पडलेल्या तोशिशीची जाणीव आपण दाखविली नाही, तर त्याचा लोभ आटेल, ही धास्ती त्यांना त्यामागे दिसते. येथे शब्द हिशेबाच्या वहीतून उठून नात्यात येतो. आमच्या मते हाच धागा तिन्ही उपयोगांतून जातो : तोशीस दिली म्हणून क्षमा, दुसऱ्याने ती सोसली म्हणून आभार, आणि आता देणार म्हणून हाक.

धातू खोटा नसतो. पण तो शब्दाचे जन्मगाव सांगतो, आजचा पत्ता नव्हे. घरातून निघताना आपण 'येतो' म्हणतो. केवळ धातू पाहणारा परदेशी पंडित दारात आपल्या येण्याची वाट पाहत उभा राहील! 'आभार' शब्दातला 'भार' पाहून मराठी माणूस कृतज्ञतेने वाकून गेला आहे, असाही सिद्धान्त तो मांडील. परप्रांती राहून तेथील बोली शिकणाऱ्या आमच्या वाचकांस हे निराळे सांगणे नलगे. कोश उघडावा, अवश्य उघडावा. पण शब्दाचा अर्थ विचारायचा तो बाजारात, ज्याच्या तोंडी तो सहज येतो त्याला.