उक्ती आणि नियम : कल्पनारम्य भूमिका-खेळांतील जुनी व नवी रचना

टेबलाभोवती बसून केवळ बोलण्याने खेळावयाचा जो खेळ, त्याची मुख्य सामग्री भाषा हीच होय. फासे, कागद आणि नकाशे ही त्याची उपकरणे; परंतु ‘मी दार ढकलतो’ असे खेळाडूने म्हटल्यावाचून दार हलत नाही. म्हणूनच ह्या खेळांच्या रचनेविषयी गेली सुमारे वीस वर्षे जो वाद चालू आहे, तो भाषेच्या अभ्यासकाने उपेक्षावा असा नाही. जुन्या वळणाचे कैवारी सांगतात की पूर्वी नियम थोडे होते व खेळाडूच्या बुद्धीस वाव होता. आधुनिक रचनेचे कैवारी सांगतात की पूर्वी पंचाची मर्जी हाच नियम होता. मूळ नियमग्रंथांशी ताडून पाहिली असता ही दोन्ही विधाने अर्धसत्य ठरतात.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा ह्या प्रकारातील आद्य खेळ. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा येथून तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्याच्या मुळाशी युद्धखेळांची परंपरा होती. ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक १९७१ मधील. ह्या परंपरेमुळेच त्या पुस्तिकांत खेळ चालविणाऱ्यास ‘रेफरी’ म्हटले आहे. पुढे १९७९ मध्ये त्याच्यासाठी जो स्वतंत्र ग्रंथ निघाला, त्याच्या नावातच ‘डंजन मास्टर’ ही संज्ञा आली. पंच दोन पक्षांत निवाडा करतो, तर मास्टर एका जगाचा धनी असतो. संज्ञेतील हा बदल केवळ शाब्दिक मानता येत नाही. वादाचे एक बीज त्यात आहे.

‘जुने वळण’ ही कल्पना मात्र जुनी नाही. १९७४ च्या खेळाडूस आपण जुन्या वळणाने खेळतो आहो असे वाटण्याचे कारणच नव्हते. ही संज्ञा विरोधातून अर्थवती झाली. २००० साली तिसरी आवृत्ती निघाली आणि तिने सर्व कृतींसाठी वीस बाजूंच्या फाशाची एकच रीत लावली, तेव्हा पूर्वीची विस्कळित रीत ही एक स्वतंत्र ‘रीत’ म्हणून दिसू लागली. २००८ मध्ये मॅथ्यू फिंच ह्यांनी लिहिलेल्या प्रवेशिकेत ह्या पक्षाची तत्त्वे प्रथमच सुटसुटीतपणे मांडली गेली. लिखित नियमापेक्षा पंचाचा निर्णय श्रेष्ठ आणि पात्राच्या अंगच्या गुणांपेक्षा खेळाडूचे चातुर्य श्रेष्ठ, हा त्या तत्त्वांचा गाभा.

ह्या प्रतिपादनाचा आवडता दृष्टान्त सापळ्याचा आहे. भुयारातील वाटेवर झाकलेला खड्डा आहे. जुन्या रीतीचा खेळाडू म्हणतो, ‘मी दहा फुटी काठीने फरशी ठोकत पुढे जातो.’ ह्या उक्तीतच शोधाची पद्धत आहे, आणि पंच तिच्यावरून निकाल देतो. नव्या रीतीचा खेळाडू म्हणतो, ‘मी शोध घेतो’, आणि फासा टाकतो. पहिल्या वाक्यातील क्रियापदे जगाविषयी काही सांगतात. दुसऱ्यातील क्रियापद हे नियमग्रंथातील एका सदराचे नाव आहे. दृष्टान्त मार्मिक आहे ह्यात शंका नाही. परंतु त्यावरून पूर्वी शोधासाठी फासा नव्हता असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो टिकणार नाही. टॉम मोल्डव्हे ह्यांनी संपादिलेल्या १९८१ च्या ‘बेसिक’ नियमांत गुप्त दार सापडण्याची शक्यता सहापैकी एक, आणि ‘एल्फ’ जातीच्या पात्रास सहापैकी दोन, अशी स्पष्ट दिली आहे. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत तर चोराचा वर्ग आला, आणि सापळे निकामी करणे, दबकत चालणे, सावलीत लपणे ह्या सर्वांना शेकडेवारी लाभली. म्हणजे उक्तीचे सदरात रूपांतर मूळ पुस्तिका निघाल्यानंतर वर्षभरातच सुरू झाले होते.

मग भेद कोठे आहे? नियमांच्या संख्येत तो शोधणे व्यर्थ होय. तो नियमांच्या स्थानात आहे. १९८१ च्या नियमांत एकदा शोध घेण्यास एक ‘टर्न’, म्हणजे दहा मिनिटे, खर्ची पडतात. सहा टर्नांत मशाल विझते. दर दोन टर्नांनी पंच फासा टाकतो, आणि सहापैकी एक वेळा भटके राक्षस येऊन ठेपतात. पहिल्या पातळीच्या जादूगारास चार बाजूंच्या फाशावर येतील तेवढेच प्राणगुण असतात. ते शून्यावर आले की पात्र मेले. पहिल्या पातळीच्या चोरास सापळा सापडण्याची शक्यता शंभरात दहा एवढीच. म्हणजे जेथे संभाषणाने निर्णय होऊ शकत नाही, तेथे, म्हणजे वेळ, उजेड व संकट ह्यांच्या हिशेबात, हे नियम अतिशय काटेकोर आहेत. जेथे संभाषणाने निर्णय होऊ शकतो, तेथे ते मुके किंवा दुबळे आहेत. तज्ज्ञाचा फासा दहापैकी नऊ वेळा निष्फळ ठरत असल्यामुळे खेळाडू शब्दांकडे वळतो. प्रत्येक उक्तीस मोल द्यावे लागते, म्हणून तो शब्द तोलून वापरतो.

तिसऱ्या आवृत्तीत हा हिशेब उलटा झाला. तेथे एक शोध सहा सेकंदांचा. धोका नसेल तर वीस वेळा प्रयत्न केल्याचे गृहीत धरून फासा न टाकताच कमाल आकडा घेण्याची मुभा. त्यास लागणारा काळ दोन मिनिटे. शोधाचे कौशल्य सबळ झाले आणि शोधाचे मोल नाहीसे झाले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्यापुढचे पाऊल आहे: पात्राच्या जाणिवेस दहा अधिक त्याची गुणवृद्धी असा एक स्थिर अंक असतो, आणि खेळाडू काही न बोलताही पंच त्या अंकावरून गुप्त वस्तू उघड करू शकतो. येथे उक्तीवाचून अर्थनिष्पत्ती होते. प्राण शून्यावर आल्यावरही तीनदा दहा वा अधिक पडण्याची संधी मिळते. अनवधानाची किंमत कमी झाली की अवधानाचीही होते.

ह्यावरून आधुनिक रचना हीन, असे मात्र ठरत नाही. तिच्या अंगी एक शास्त्रीय गुण आहे, आणि व्याकरणाच्या अभ्यासकास तो तत्काळ ओळखता यावा. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सामान्य नियम थोडे ठेवले, अपवाद पुष्कळ ठेवले, आणि विशेष नियम सामान्य नियमास बाधतो असे आरंभीच घोषित केले. पाणिनीय परंपरेत उत्सर्ग व अपवाद ह्यांचा जो संबंध, तोच हा. अशा रचनेत कोणता नियम बलवान हे व्यक्तीवर अवलंबून राहत नाही. ग्रंथ उघडून कोणासही पाहता येते. जुनी रीत ह्याउलट निवाड्यांच्या परंपरेसारखी आहे. एका मेळ्यातील पंचाने काल दिलेला निर्णय आजचा आधार होतो, आणि तो त्या मेळ्याबाहेर कोणास ठाऊक नसतो.

वादातील खरा प्रश्न येथे उपस्थित होतो. खेळाडूचे चातुर्य म्हणून ज्याचा गौरव केला जातो, त्यात पंचाच्या मनाचा ठाव घेण्याचे चातुर्य किती? जो वाक्पटू आहे, ज्याने पंचाने वाचलेल्याच कथा वाचल्या आहेत, ज्यास पंचाची भाषा जन्मतः अवगत आहे, त्याच्या उक्तीस बळ अधिक. संकोची मनुष्याने धीट वक्त्याचे पात्र घेतले, तर जुन्या रीतीत ते पात्रही संकोचीच राहते. नव्या रीतीतील कौशल्याचा अंक अशा खेळाडूस एक हक्क देतो: तू अडखळलास तरी तुझे पात्र अडखळणार नाही. हा हक्क क्षुल्लक नव्हे, आणि जुन्याच्या कैवाऱ्यांनी त्यास पुरेसे उत्तर दिलेले नाही. परंतु ह्या हक्काची किंमत कोणती, हे आधुनिकांनीही पुरतेपणी सांगितलेले नाही. अंक बोलू लागला की वाक्पटू आणि संकोची दोघेही सारखेच गप्प बसू शकतात. समता साधते, पण ती मौनाची समता असण्याचा धोका असतो.

ह्या दोन पक्षांचा परस्परसंबंधही वैरापुरता नाही. तिसऱ्या आवृत्तीबरोबर २००० मध्ये प्रकाशकांनी जो मुक्त परवाना दिला, त्याच्याच आधाराने २००६ मध्ये ‘ओस्रिक’ हे जुन्या प्रगत नियमांचे पुनर्लेखन निघाले. आधुनिक आवृत्तीच्या दस्तऐवजावाचून जुन्याचे पुनरुज्जीवन एवढ्या सुकरतेने झाले नसते. २०१९ मधील ‘ओल्ड स्कूल एसेन्शियल्स’ ह्या ग्रंथात गॅव्हिन नॉर्मन ह्यांनी १९८१ चे नियम जवळजवळ जसेच्या तसे ठेवले, परंतु मांडणी संदर्भग्रंथाची केली. आशय जुना, पाठसंपादन नवे. संहितेच्या अभ्यासकास ह्यात नवल वाटू नये. प्राचीन पाठ शुद्ध करून देणारी दृष्टी नेहमी उत्तरकालीनच असते.

तात्पर्य, जुनी आणि नवी ही नावे कालवाचक दिसली तरी वस्तुतः ती दोन भाषाव्यवहारांची नावे आहेत. एका व्यवहारात वर्णन हीच कृती असते, आणि तिचे मोल वेळेने व प्राणाने चुकवावे लागते. दुसऱ्यात वर्णन ही कृतीची शोभा असते, आणि कृती नियमाच्या नावाने घडते. पहिल्यात अन्यायास वाव अधिक, दुसऱ्यात औदासीन्यास. म्हणून कोणत्याही नियमग्रंथाचे परीक्षण करताना त्यात नियम किती, हे मोजण्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत. खेळाडूच्या कोणत्या वाक्याने ह्या जगात काही बदलते? आणि ते वाक्य नीट उच्चारता न येणाऱ्यासाठी ग्रंथाने कोणती तरतूद केली आहे? ह्यांपैकी एकाचेच उत्तर देणारी रचना, मग ती १९७४ ची असो वा आजची, अपुरीच म्हणावी लागेल.