प्रश्न कोणी थांबवला?

‘द मॅन हू क्रॉस्ड हिटलर’ हे बीबीसीचे २०११ सालचे दूरदर्शन-नाट्य. शीर्षक एका पुरुषाला मोठे करते आणि माझा पहिला आक्षेप इथेच आहे. नोव्हेंबर १९३० मध्ये बर्लिनच्या ईडन नृत्यगृहात जमलेल्या कामगारांवर हिटलरच्या वादळी दलाने हल्ला केला. खटला उभा राहिला तो या कामगारांच्या जखमांवर. त्यांच्या बाजूने हान्स लिटन या तरुण वकिलाने ८ मे १९३१ रोजी हिटलरला साक्षीसाठी कोर्टात खेचले. आपला पक्ष कायदा पाळतो, असे हिटलर शपथेवर सांगत होता. लिटनने गोबेल्सची हिंसेची भाषा करणारी पुस्तिका पुढे केली. हिटलर संतापून ओरडला. आणि न्यायाधीशाने काय केले? प्रश्नच बंद पाडला!

माझ्या मते नाट्याचे मर्म या क्षणात आहे. हुकूमशहा सत्तेवर येण्याआधी कायद्याच्या हाती सापडला होता. न्यायासनाने त्याला सोडले. राइशस्टाग जळाले त्या रात्री, फेब्रुवारी १९३३ मध्ये, लिटनला पकडले. पाच वर्षे छळछावण्या भोगून १९३८ साली दाखाऊत त्याचा अंत झाला. वकिलाच्या शौर्याला वंदन करून प्रेक्षक मोकळा होईल. त्याने त्या न्यायाधीशाकडेही नीट पाहावे.